काळजावरचा शेणकिडा: इजिप्तच्या स्कॅरब ताइताविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांमध्ये आणि वाचनालयांमध्ये प्राचीन इजिप्तविषयी बोलायला जाते, तेव्हा पर्समध्ये एक काडेपेटी असते. आत कापसावर स्कॅरबची एक प्रतिकृती, करंगळीच्या पेराएवढी. पिरॅमिडची चित्रं पडद्यावर दाखवून झाली की ही काडेपेटी हातोहात फिरते, आणि खरे प्रश्न तिथून सुरू होतात. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

स्कॅरब म्हणजे नेमकं काय?

शेणकिड्याच्या आकाराचा, दगडाचा किंवा फायन्सचा (भाजून चकचकीत केलेल्या एका पदार्थाचा) छोटा ताईत. बहुतेक स्कॅरब एक ते दोन सेंटिमीटर लांबीचे असतात. वरची बाजू फुगीर, तिच्यावर किड्याचं डोकं, पाठ आणि मिटलेले पंख कोरलेले. खालची बाजू सपाट, लंबगोल, तिच्यावर काहीतरी लिहिलेलं किंवा नक्षी. आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत आरपार एक भोक, दोरा किंवा तार ओवण्यासाठी.

इ.स.पू. २२००च्या आगेमागे हे ताईत दिसू लागतात आणि पुढे जवळजवळ दोन हजार वर्षं घडत राहतात. राजापासून शेतमजुरापर्यंत, तान्ह्या बाळापासून ममीपर्यंत, सगळ्यांच्या अंगावर ते सापडले आहेत. इजिप्तमधला दुसरा कुठलाही ताईत इतक्या प्रचंड संख्येने आपल्यापर्यंत पोचलेला नाही.

शेणात वावरणारा किडा पवित्र कसा झाला?

हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो, बहुतेक वेळा नाक मुरडून.

उत्तराचे दोन धागे आहेत. पहिला डोळ्यांना दिसणारा. हा किडा शेणाचा गोल गोळा करतो, त्याकडे पाठ करून मागच्या पायांनी तो ढकलत नेतो आणि जमिनीत गडप होतो. काही काळाने त्याच जमिनीतून नवा किडा वर येतो. रोज पश्चिमेला जमिनीआड जाणारा आणि पूर्वेला पुन्हा वर येणारा सूर्याचा गोळा डोळ्यांसमोर असणाऱ्या माणसाला या दोन गोष्टींचं नातं जुळवायला फार विचार करावा लागला नसणार. सकाळच्या सूर्याला त्यांनी खेप्री म्हटलं. चित्रांत तो किड्याच्या रूपात येतो, कधी माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी अख्खा किडा बसवलेला असतो. सकाळी खेप्री, माध्यान्ही रा, संध्याकाळी आतुम अशी सूर्याची तीन रूपं मानत.

दुसरा धागा भाषेचा, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा. इजिप्तच्या चित्रलिपीत शेणकिड्याचं चित्र काढलं की ते ‘खेपेर’ असं वाचलं जातं, आणि खेपेर हे क्रियापद आहे. अर्थ: होणे, अस्तित्वात येणे, एका रूपातून दुसऱ्या रूपात जाणे. म्हणजे गळ्यात किडा घालणारा माणूस ‘होणे’ हा शब्दच गळ्यात घालत होता. आपण ‘श्री’ किंवा ‘ॐ’चं पदक घालतो, तेव्हा अक्षर आणि आकार वेगळे काढता येत नाहीत. इथेही तसंच आहे. स्कॅरबला नुसतं किड्याचं शिल्प समजलं, तर त्यातलं निम्मं वाचायचं राहून जातं.

तो किडा गोळा कशासाठी ढकलतो?

मुख्यतः खाण्यासाठी. ताज्या शेणाच्या ढिगावर गर्दी फार, भांडणं फार. म्हणून आपला वाटा गोल करायचा आणि लांब नेऊन पुरायचा. अंडं घालण्यासाठीचा गोळा मात्र मादी जमिनीखाली नीट घडवते. त्याचा आकार नासपतीसारखा असतो आणि निमुळत्या टोकाशी एकच अंडं. फ्रेंच कीटक अभ्यासक जाँ आंरी फाब्र यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे बारकाईने पाहून लिहून ठेवलं. त्याआधी लोकांची समजूत वेगळी होती. ग्रीक लेखक प्लुटार्क तर लिहितो की या किड्यांत मादी नसतेच, नरच गोळ्यात बीज ठेवतो. आपोआप जन्मणारा प्राणी अशी त्याची ख्याती झाली, ती अशी.

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दक्षिण आफ्रिकेतल्या एका जातीच्या शेणकिड्यांवर प्रयोग केले होते. आकाश दिसू नये म्हणून किड्यांच्या डोक्यावर चिमुकल्या टोप्या घातल्या, तारांगणात नेऊनही तपासलं. चंद्र नसलेल्या रात्री हे किडे आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरतात आणि गोळा सरळ रेषेत नेतात, असं दिसून आलं. इजिप्तच्या लोकांनी ज्याचा संबंध आकाशाशी जोडला, तो प्राणी खरोखरच आकाशाकडे बघून चालतो.

आपल्याकडे हे किडे आहेत का?

आहेत. गोळा ढकलणाऱ्या शेणकिड्यांच्या जाती महाराष्ट्रातही आढळतात, फक्त इजिप्तमधली जात वेगळी. पहिल्या पावसानंतर गुरांच्या वाटेवर थोडा वेळ उकिडवं बसलं की दिसतात. लहानपणी आजोळी मी अर्धा तास एकाच्या मागे गेले होते. गाडीच्या चाकोरीत त्याचा गोळा तीनदा घसरला. तिन्ही वेळा तो खाली गेला, गोळ्याला एक फेरी मारली, आणि डोकं जमिनीकडे, मागचे पाय गोळ्यावर, अशा शीर्षासनात पुन्हा रेटायला लागला. स्कॅरबच्या डोक्याची पुढची कडा दातेरी का कोरलेली असते, ते मला त्या दिवशी पाहिलेल्या फावड्यासारख्या डोक्यामुळे कळतं.

स्कॅरब कशापासून बनवत?

सर्वांत जास्त शंखजिऱ्याच्या दगडापासून. हा दगड इतका मऊ की नखानेही ओरखडा उठतो, त्यामुळे कोरायला सोपा. कोरून झाल्यावर त्याच्यावर निळी-हिरवी झिलई चढवून भट्टीत घालत. उष्णतेने शंखजिरं कडक होतं. मऊ असताना कोरा आणि कोरल्यावर पक्कं करा, अशी ही सोय. संग्रहालयांत अनेक स्कॅरब पांढुरके किंवा तपकिरी दिसतात, कारण हजारो वर्षांत झिलई निघून गेलेली असते. मूळचे ते चकचकीत होते.

दुसरा नंबर फायन्सचा. नाव परकं वाटलं तरी साहित्य ओळखीचं आहे: कुटून पीठ केलेली गारगोटी किंवा वाळू, थोडा चुना, थोडा खार आणि रंगासाठी तांब्याचा अंश. पाणी घालून मळायचं, मातीच्या साच्यात दाबायचं, वाळवायचं. वाळताना आतला खार पृष्ठभागावर फुलून येतो, जसा ओल आलेल्या भिंतीवर मिठाचा थर येतो. भट्टीत तोच थर वितळून काच होतो. म्हणजे झिलई वरून लावावी लागत नाही, वस्तू स्वतःच ती अंगावर आणते. या पदार्थाला इजिप्तमध्ये ‘त्येहेनेत’ म्हणत, म्हणजे चमकणारं, झळाळणारं. साच्यामुळे एकसारखे शेकडो ताईत निघत आणि गरिबालाही परवडत.

श्रीमंतांसाठी तांबडा कार्नेलियन, जांभळा अ‍ॅमेथिस्ट, हिरवा जॅस्पर, सोनं, आणि अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येणारा लाजवर्द.

खालच्या बाजूला काय लिहिलेलं असतं?

राजाचं नाव, देवाचं नाव, अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा, शुभचिन्हं, वेटोळ्यांची नक्षी, कमळ, नाग, मगर. काहींवर नव्या वर्षाच्या शुभेच्छा. नाईलच्या पुराबरोबर त्यांचं नवं वर्ष सुरू होई आणि त्या वेळी एकमेकांना ताईत देण्याची रीत होती.

मध्य राज्याच्या काळापासून, म्हणजे इ.स.पू. २०००च्या सुमारापासून, स्कॅरब शिक्का म्हणूनही वापरात आला. पपायरसची गुंडाळी, धान्याचा रांजण, पेटी, कोठाराचं दार यांना दोरी बांधायची, गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापायचा आणि त्यावर स्कॅरब दाबायचा. अंगठीत तो सोन्याच्या तारेवर फिरता बसवलेला असे. एरवी किडा वर आणि अक्षरं बोटाच्या कातडीला लागून. शिक्का मारायचा झाला की उलटा करायचा. एकाच वस्तूत ताईत, दागिना आणि सही. त्या मातीच्या तुटक्या ठशांवरून अभ्यासकांनी अख्ख्या खात्यांचा कारभार उलगडला आहे.

सामान्य माणूस तो कसा वापरत असे?

दोऱ्यात ओवून गळ्यात, मनगटावर किंवा बोटात बांधत. मण्यांच्या माळेत मधोमध एक. मेल्यावर तोच ताईत सोबत जाई.

थीब्जला, म्हणजे आजच्या लक्झरला, मेकेत्रे नावाच्या बड्या अधिकाऱ्याच्या पदरी वाह नावाचा एक कारभारी होता, इ.स.पू. २०००च्या सुमाराचा. त्याचं थडगं १९२० साली सापडलं, चोरांचा हात न लागलेलं. त्याच्या अंगावरच्या स्कॅरबांपैकी एक चांदीचा आहे आणि पाठीवर सोन्याने दोन नावं जडवली आहेत: वाहचं स्वतःचं आणि त्याच्या धन्याचं. किड्याचे डोळे मात्र मुद्दाम ठेचलेले. थडग्यात हा किडा जिवंत होईल तेव्हा त्याने मालकाला इजा करू नये, म्हणून केलेला तो बंदोबस्त असावा. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तो आहे. त्या ठेचलेल्या डोळ्यांएवढा बोलका पुरावा मला दुसरा माहीत नाही: या लोकांसाठी ताईत म्हणजे शोभेची वस्तू नव्हती, त्यात जीव होता.

हृदयावरचा स्कॅरब वेगळा असतो का?

हो, आणि त्याच्यावर थांबून बोलायला हवं.

ममी करताना मेंदू काढून टाकत, पण हृदय शरीरातच ठेवत. कारण विचार, आठवण, नीती सगळं हृदयात असतं अशी त्यांची धारणा होती. मृत्यूनंतर मृतांचा देव ओसायरिस याच्या न्यायसभेत तराजूच्या एका पारड्यात हृदय आणि दुसऱ्यात सत्याची देवता मात हिचं पीस. हृदय जड ठरलं तर अम्मित नावाची राक्षसी ते गिळणार. मगरीचं तोंड, सिंहाचं पुढचं अंग, पाणघोड्याचं मागचं, अशी ती. आणि हृदयाला तर सगळंच ठाऊक. तेच उलटलं तर?

म्हणून छातीवर एक मोठा, तळहातात मावेलसा हिरव्या दगडाचा स्कॅरब ठेवत आणि त्याच्या पोटावर मृतांच्या ग्रंथातला ३० ब क्रमांकाचा मंत्र कोरत. त्याचा मथितार्थ मराठीत असा: आईकडून मिळालेल्या माझ्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस, न्यायसभेत माझ्या विरोधात जाऊ नकोस, तराजू धरणाऱ्यासमोर माझ्यावर उलटू नकोस.

कितीदा वाचलं तरी मला यातलं ‘आईकडून मिळालेल्या’ सोडवत नाही. कोर्टात उभं राहताना माणूस आपल्याच काळजाला आईची आठवण देऊन गप्प राहायला विनवतो आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये राजा सोबेकेमसाफचा असा एक हिरव्या जॅस्परचा, सोन्यात बसवलेला स्कॅरब आहे. त्याला किड्याचं अंग आणि माणसाचा चेहरा आहे. सोन्याच्या पट्टीवर अक्षरं ओबडधोबड टोचलेली आहेत. घाईत केल्यासारखी.

राजे स्कॅरबवर बातम्या छापत, हे खरं का?

तिसऱ्या आमेनहोतेपने (इ.स.पू. चौदावं शतक) तसं केलं. त्याच्या मोठ्या, मजकुराने भरलेल्या स्कॅरबांपैकी दोनशेहून अधिक आज माहीत आहेत. एका प्रकारात राणी तियेचं आणि तिच्या आईवडिलांचं नाव. दुसऱ्यात रानबैलांची शिकार. तिसऱ्यात राजाने पहिल्या दहा वर्षांत स्वतःच्या बाणांनी मारलेले १०२ सिंह. चौथ्यात मितान्नी या शेजारच्या राज्याची राजकन्या गिलुखेपा ३१७ स्त्रियांसह आल्याची वार्ता. पाचव्यात राणीसाठी खणवलेल्या सरोवराची. हे देशभर आणि देशाबाहेरही धाडले गेले.

कर्नाकच्या मंदिरात पवित्र तलावाशेजारी उंच चौथऱ्यावर जो भलामोठा ग्रॅनाइटचा स्कॅरब आहे, तोही याच राजाचा. आज पर्यटक त्याच्याभोवती इच्छा मनात धरून फेऱ्या मारतात. मराठी मंडळींना तिथे कुणी शिकवावं लागत नाही, चपला कुठे काढायच्या तेवढंच विचारतात.

तुतनखामनचा पिवळा स्कॅरब उल्केचा आहे म्हणतात. खरं?

जवळपास खरं, पण उल्केचा तुकडा नाही. हॉवर्ड कार्टरला १९२२ साली सापडलेल्या या थडग्यात छातीवर घालायचं एक पदक आहे आणि त्याच्या मधोमध पिवळसर हिरवा, अर्धपारदर्शक स्कॅरब. सुरुवातीला तो कॅल्सेडनी, म्हणजे गारगोटीच्या जातीचा दगड, समजला गेला. १९९०च्या दशकात तपासणीतून कळलं की ती लिबियन वाळवंटातली नैसर्गिक काच आहे. सुमारे २ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी अवकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने वाळू वितळून ती तयार झाली.

या राजाचं राज्यारोहणाचं नाव नेबखेपेरुरे. लिहिताना वर सूर्याचं बिंब, मध्ये शेणकिडा आणि अनेकवचनाच्या तीन रेघा, खाली टोपली. अर्थ साधारणपणे ‘रूपांचा स्वामी रा’. त्यामुळे त्याच्या दागिन्यांत किडा दिसला की नुसतं नक्षीकाम समजून पुढे जाऊ नका. अनेकदा तो दागिना म्हणजे राजाची सही असते.

त्या थडग्यातल्या वस्तूंना शाप आहे का?

नाही. उत्खननाचा खर्च उचलणारे लॉर्ड कार्नार्व्हन १९२३ साली वारले आणि वर्तमानपत्रांनी शापाची गोष्ट उचलली. सर्वांत आधी आत शिरलेला कार्टर १९३९पर्यंत जगला.

फक्त किडाच, की दुसरे प्राणीही असत?

पुष्कळ असत, आणि स्कॅरबपेक्षा जुनेही. इ.स.पू. ४०००च्याही आधीच्या बदारी संस्कृतीच्या दफनांत पाणघोड्याच्या आकाराचे चिमुकले ताईत मिळाले आहेत. पुढे गरोदर बाईसाठी उभ्या पाणघोड्याच्या रूपातली देवी तावेरेत, बाळंतपणासाठी बेडकाच्या रूपातली देवी हेकेत, पिल्लांसह बसलेली मांजर बास्तेत देवीची. राणी आहहोतेपच्या थडग्यात तर सोन्याच्या तीन मोठ्या माश्या होत्या. शौर्याचं पदक म्हणून माशी देत, कारण कितीही हाकला, ती परत येतेच.

आपल्याकडे लहान मुलाच्या गळ्यात वाघनख घालतात, त्याचा या ताइतांशी ऐतिहासिक संबंध नाही. पण वाघनख बांधणारी आजी आणि तावेरेत बांधणारी नाईलकाठची आजी, दोघींच्या हाताला एकमेकींची गाठ ओळखू आली असती असं मला मनापासून वाटतं.

स्कॅरब इजिप्तबाहेर सापडतात का?

भरपूर. कनानमध्ये, म्हणजे आजच्या इस्रायल-पॅलेस्टाइनच्या भागात, तर स्थानिक कारागीरच ते बनवू लागले होते. फिनिशियन व्यापाऱ्यांबरोबर ते सार्डिनियापर्यंत गेले, इटलीतल्या एट्रुस्कन लोकांनी कार्नेलियनमध्ये अप्रतिम स्कॅरब कोरले. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरून इथे समुद्रतळाशी सापडलेल्या, इ.स.पू. १३००च्या आसपासच्या जहाजात इजिप्तची राणी नेफर्तिती हिच्या नावाचा सोन्याचा स्कॅरब होता.

स्कॅरबवर राजाचं नाव असेल तर तो त्याच राजाच्या काळचा ना?

नाही, आणि ही चूक फार होते. तिसऱ्या थुतमोसचं ‘मेनखेपेररे’ हे नाव इतकं शुभ मानलं गेलं की त्याच्या मृत्यूनंतर कित्येक शतकं ते स्कॅरबवर कोरलं जात राहिलं. आज घराघरांत शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेचं पदक असतं, त्यावरून पदक सतराव्या शतकातलं ठरवता येत नाही. काळ ठरवायचा तर पायांची ठेवण, पाठीवरच्या रेघा, डोक्याचा आकार पाहावा लागतो, आणि सर्वांत मोलाचं म्हणजे तो कोणत्या थरात, कशाशेजारी सापडला ते.

इजिप्तच्या सहलीत ‘अस्सल’ म्हणून विकत घेतला. खरा असेल का?

बहुधा नाही, आणि नसलेलाच बरा. माझ्या एका मैत्रिणीला लक्झरजवळ एकाने रुमालात गुंडाळलेला, ‘थडग्यातून काढलेला’ स्कॅरब अगदी हळू आवाजात विकला. घरी भिंगाखाली पाहिला तर रेघांमध्ये तपकिरी बूटपॉलिश आणि भोक आतून यंत्राने पाडल्यासारखं गुळगुळीत. नकली स्कॅरब बनवणं हा त्या भागात एकोणिसाव्या शतकापासूनचा पिढीजात धंदा आहे. जुना दिसावा म्हणून टर्की कोंबड्यांना गिळायला घालत, असाही किस्सा सांगतात. अक्षरं निरर्थक आहेत म्हणून नकली ठरवू नका मात्र, कारण प्राचीन कारागिरांपैकीही अनेकांना वाचता येत नव्हतं.

खरा निघाला तर अडचण मोठी. इजिप्तच्या १९८३च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने पुरावस्तूंचा व्यापार बंद झाला आणि त्या देशाबाहेर नेणं गुन्हा ठरलं. जमिनीतून ओरबाडलेला प्रत्येक स्कॅरब आपली जागा, आपला थर, आपला माणूस कायमचा गमावून येतो. प्रतिकृती म्हणून विकली जाणारी प्रतिकृती घ्या, कारागिराचं पोट त्याच्यावर आहे.

आजोबांच्या पेटीत एक सापडला आहे. काय करू?

घासू नका, तेल लावू नका, लिंबू-चिंचेने तर मुळीच उजळू नका. मऊ कापडात ठेवा. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. आजोबा कुठे नोकरीला होते, कधी परदेशी गेले होते, हे घरातल्या जाणत्या माणसाकडून आजच लिहून घ्या. मग संग्रहालयातल्या तज्ज्ञांना दाखवा. आपल्या १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तू येतात, तेव्हा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला विचारल्याशिवाय ती देशाबाहेर नेऊ नका.

चांगले स्कॅरब कुठे पाहायला मिळतील?

कैरोत अर्थातच. लंडनला असाल तर ब्रिटिश म्युझियममध्ये प्रवेश विनामूल्य आहे, तिथे सुमारे दीड मीटर लांबीचा दगडी स्कॅरबही आहे. मात्र आधी वरच्या मजल्यावरचे छोटे बघा. फोनचा कॅमेरा मोठा करून काचेला न टेकवता धरा आणि भोकाच्या कडा शोधा. जिथे दोरा घासून घासून दगड एका बाजूने झिजलेला दिसेल, तो कुणीतरी रोज घातलेला होता.

मुलांबरोबर घरी करता येईल?

येईल. गणपतीची उरलेली शाडूची माती घ्या. सुपारीएवढा गोळा, खालून सपाट, वरून फुगीर. टूथपिकने पाठीवर एक आडवी आणि तिच्या मधून मागे जाणारी एक उभी रेघ, की पंख झाले. पुढे दातेरी डोकं. ओला असतानाच लांबीने उदबत्तीची काडी आरपार घालून ठेवा. आता उलटा करून पोटावर मुलाचं नाव कोरा, पण आरशात दिसेल तसं, उलटं. दोन दिवस सावलीत वाळू द्या. मग ओल्या मातीचा नवा गोळा थापा आणि मुलालाच दाबायला सांगा. उचलल्यावर आपलं नाव सुलट, उठावात आलेलं पाहून ती बहुतेक वेळा काही बोलत नाहीत, लगेच दुसरा गोळा मागतात.